शेनिनसारखी लागते, पण शेनिन नव्हे

बाटलीला कागद गुंडाळलेला. पेल्यात फिकट सोनेरी वाइन, जीभ आवळणारा आंबटपणा, मागून लिंबू, हिरवं सफरचंद आणि बाटली जुनी असेल तर मध. नाशिकच्या शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनवर जीभ तयार झालेला माणूस बेधडक ‘शेनिन’ म्हणून मोकळा होईल. अंदाज तसा वाईट नाही. फ्रान्समध्ये ल्वार नदीचं खोरं हेच शेनिनचं घर, आणि ही वाइनही त्याच खोऱ्यातली. वाण मात्र रोमोरांतँ.

ब्लुआ शहराच्या दक्षिणेला कूर-शेवेर्नी नावाचं गाव आहे. १९९३ मध्ये त्याला स्वतंत्र अपेलेशन, म्हणजे कायद्याने राखलेलं प्रदेशनाम, मिळालं. त्या नावाची वाइन फक्त याच वाणाची असते. शेजारच्या शेवेर्नीची पांढरी वाइन मात्र मुख्यतः सोव्हिन्यों ब्लांची, त्यामुळे लेबल उघडं असूनही माणसं फसतात.

राजा फ्रान्स्वा पहिला याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्गंडीहून ८०,००० वेली मागवून रोमोरांतँ गावाजवळ लावल्या, अशी आख्यायिका आहे. आकडा इतका गोल, की मला तो दरबारी वाटतो. बर्गंडीचा धागा मात्र अगदीच पोकळ नव्हता. १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ईशान्य फ्रान्समधल्या वाणांचा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६ वाण एकाच जोडप्याची संतती निघाले: एक पालक बर्गंडीचा खानदानी पिनो, दुसरा गुए ब्लां, म्हणजे शेतकऱ्यांचा भरघोस पिकणारा, पण प्रतिष्ठितांनी हिणवलेला वाण. या सोळांत शार्दोने आहे, गामे आहे आणि आपला रोमोरांतँही.

म्हणजे रोमोरांतँ शार्दोनेचा सख्खा भाऊ. तरीही ब्लाइंड टेस्टिंगमध्ये, म्हणजे लेबल झाकून चाखताना, शार्दोनेचं नाव क्वचितच कुणाला सुचतं. लोण्याचा मऊपणा आणि ओकच्या पिंपाची छाप ही शार्दोनेची ओळख द्राक्षापेक्षा तळघरातच जास्त घडते. रोमोरांतँ उशिरा पिकतो, आंबटपणा सोडत नाही, आणि त्यामुळे सवयीची जीभ शेजाऱ्यालाच नातेवाईक समजते.

फिलॉक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले. त्यानंतर जवळजवळ सगळीकडे ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं आली. त्याच भागातल्या सोलोन्य प्रदेशात, स्वँ गावाजवळ, मारिओने कुटुंबाच्या मळ्यात, रोमोरांतँच्या साधारण १८५० च्या सुमाराच्या वेली मात्र आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.