तुरटी फिरवली म्हणजे जखम निर्धोक झाली का?

दाढी करताना वस्तरा लागला की कारागीर ओल्या गालावर तुरटीचा खडा फिरवतो, आणि ‘आता जंतूंचे भय नाही’ असे गिऱ्हाईकही मानते. हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असला तरी तो खरा नाही. तुरटी स्तंभक आहे. ती त्वचा आकसवते, रक्तातील प्रथिने गोठवते आणि त्यामुळे रक्त थांबते. काही जिवाणूंची वाढ ती रोखते हेही खरे, परंतु वस्तऱ्यावरून जखमेत शिरलेला विषाणू तिने मरेल, असे मानण्यास आधार नाही. उलट तोच ओला खडा दिवसभर अनेकांच्या ओरखड्यांवरून फिरत असेल, तर तो स्वतःच संसर्गाचे साधन ठरू शकतो. तुरटी हवीच असेल तर तिची पूड स्वच्छ कापसावर घेऊन लावावी आणि कापूस टाकून द्यावा.

लोक एचआयव्हीला घाबरतात. खरे तर येथे अधिक चिवट आहे तो हिपॅटायटिस-बी या यकृताच्या आजाराचा विषाणू, जो वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. सुदैवाने त्यावर लस आहे. हिपॅटायटिस-सीवर मात्र ती नाही.

पाते नवे आहे एवढ्यावरही थांबू नये. कागदातच मोडलेले अर्धे पाते कारागीर वस्तऱ्याच्या ज्या चिमटीत सरकवतो, तिच्या फटीत आधीच्या गिऱ्हाइकाचा साबण, केस आणि कधी रक्त अडकलेले असते. ती फट आधी घासून धुतल्याशिवाय जंतुनाशकाचा पुरेसा उपयोग होत नाही.