पक्षाघातानंतरचा पायाचा स्नायूथकवा

पक्षाघातातून सावरलेल्या माणसाच्या पायाचे बळ चालताना, जिना चढताना किंवा एकच हालचाल वारंवार करताना नेहमीपेक्षा लवकर ओसरते. या अवस्थेला पायाचा स्नायूथकवा म्हणतात. दिवसभर अंगात त्राण नसणे हा पक्षाघातानंतरचा सर्वसाधारण थकवा वेगळा. तो प्रश्नावलीने जोखतात. स्नायूथकवा मात्र पायाकडून काम करवून घेऊनच मोजावा लागतो. रुग्ण दोन्हींना ‘पाय गळून जातात’ असेच म्हणतो, तिथे तपासणाऱ्याची गल्लत होते.

मेंदूकडून हालचालीचे संदेश नेणारे बहुतेक चेतातंतू लंबमज्जेत (मेंदूचा सर्वांत खालचा, मज्जारज्जूला जोडलेला भाग) बाजू बदलतात, म्हणून मेंदूच्या डाव्या भागातील इजेने उजवा पाय लुळा पडतो. इजा स्नायूला झालेली नसते, आणि थकव्याचे मूळही बरेचसे मेंदूकडेच असते. हे तपासण्याची युक्ती ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॅट्रिक मर्टन यांनी १९५४ मध्ये हाताच्या अंगठ्याच्या स्नायूवर वापरली होती. माणूस सगळा जोर लावत असताना चेतेला विजेचा एक हलका झटका द्यायचा. बळ वाढले नाही, तर स्नायू पुरता कामाला लागला आहे असे समजायचे. पक्षाघात झालेल्या मांडीत मात्र झटक्यासरशी बळ उसळते, म्हणजे स्नायूत शिल्लक असलेला जोर रुग्णाला वापरताच आलेला नसतो. त्यामुळे अशा चाचण्यांत लुळ्या पायाचा स्नायू स्वतः पुष्कळदा कमी दमलेला आढळतो. त्याला पुरते राबवणारा संदेशच पोचत नाही. ज्याला घरचे ‘चांगला पाय’ म्हणतात, त्यातही ही उणीव थोडी दिसते.

पुढे हालचालीअभावी स्नायू रोडावतो, त्यात चरबी साठते, आणि दमदार संथ तंतूंच्या तुलनेत लवकर दमणाऱ्या शीघ्र तंतूंचे प्रमाण वाढते.

चालण्यात सर्वांत आधी नडगीपुढचा, पाऊल वर उचलणारा स्नायू दगा देतो. पहिली वीस-तीस पावले बरी पडतात, मग चपलेचे टोक फरशीला घासल्याचा आवाज येऊ लागतो. पायाची संवेदना कमी असेल तर चप्पल निसटून मागे राहते आणि रुग्णाला पत्ताही नसतो. पाऊल अडखळू नये म्हणून तो कंबर उचलून पाय बाहेरून फिरवत आणतो. गुडघा मागे ढकलला जातो. अशा चालीला जास्त श्रम पडतात, त्यामुळे दम आणखी लवकर लागतो.

दहा मीटर चालण्याच्या चाचणीत हे लपून राहते, कारण तेवढे अंतर कोणीही नेटाने काढतो. सहा मिनिटांच्या चालण्यात पहिल्या आणि शेवटच्या मिनिटातले अंतर ताडून पाहणे जास्त बोलके. अमेरिकेतील जॅकलिन पेरी व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चालीच्या वेगावरून वर्गवारी केली : सेकंदाला ०.४ मीटरहून कमी वेगाचा माणूस बहुधा घरापुरता, ०.८ मीटरच्या वर गेलेला बाहेर मोकळेपणी फिरणारा.

बळ वाढवणाऱ्या व्यायामाने स्नायूंचा ताठरपणा वाढेल, ही फिजिओथेरपीतली जुनी भीती चाचण्यांत टिकली नाही. खुर्चीतून उठणे-बसणे, पायरी चढणे, ट्रेडमिलवर चालणे हे मधे विसावा देत करवून घेतात. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा कडक आधार) लावतात. लिबरसन व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये टाच उचलताच बुटातील स्विचने चेतेला वीज देऊन पाऊल वर उचलणारे यंत्र मांडले. मात्र विजेने तेच ते तंतू एकदम आकुंचन पावतात, शरीराप्रमाणे आळीपाळीने नव्हे. त्यामुळे यंत्राने चालवलेला स्नायूही लवकर थकतो.