मातृत्व लाभ (भारत)

मातृत्व लाभ : बाळंतपणाच्या काळात नोकरदार स्त्रीला भरपगारी रजा आणि नोकरीचे संरक्षण देणारी कायदेशीर तरतूद. व्यवहारात तिला ‘बाळंतपणाची रजा’ म्हणतात. चर्चा बहुधा रजेच्या आठवड्यांची होते. खरा वाद मात्र त्या आठवड्यांचा पगार कोणी द्यायचा, याचा आहे.

केंद्रीय विधिमंडळात कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये मांडलेले विधेयक संमत झाले नाही. मुंबई प्रांताने 1929 मध्ये कारखान्यांतील स्त्रियांसाठी कायदा केला. त्याआधी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाची बाजू घेतली. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलावा, हे त्यांना मान्य होते. पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे सरकारचा वाटा मागे पडला आणि मालकाचा तेवढा राहिला.

1961 च्या मातृत्व लाभ अधिनियमाने 12 आठवड्यांची रजा दिली. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती 26 आठवडे झाली. त्यांपैकी जास्तीत जास्त 8 प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन मुले हयात असतील तर 12 आठवडेच. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते. प्रसूतीपूर्व काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत द्यावेत, असा 1961 चा नियम आहे. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्तीही 2017 मध्ये आली. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी सामावून घेतल्या असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली.

पैशांची वाट दोन प्रकारची आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असलेल्या स्त्रीला ही योजना चालवणारे सरकारी महामंडळ पैसे देते. वेतनाच्या 3.25 टक्के मालक आणि 0.75 टक्के कामगार भरतो, त्यातूनच हा खर्च निघतो. मात्र 2017 पासून योजनेची वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपये होती. त्यावरच्या स्त्रीचा सहा महिन्यांचा पगार मालकाच्या खिशातून जातो. मोठ्या कंपनीला तो जाणवत नाही, दहा-बारा माणसांच्या कचेरीला जाणवतो, आणि मग मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2000 चा करार (क्र. 183) हा भार एकट्या मालकावर टाकू नये असे सांगतो, भारताने तो स्वीकारलेला नाही. सात आठवड्यांचे वेतन सरकारने मालकांना परत द्यावे, असा प्रस्ताव केंद्रीय श्रम मंत्रालयाने 2018 मध्ये मांडला होता.

बापाच्या रजेबाबत कायदा जवळजवळ गप्प आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी मुले असतील तर 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत ती कंपनीच्या मर्जीवर आहे.