‘द ड्रिलर किलर’: सिनेमाआधी कव्हरच गाजलं

1982 साली ब्रिटनमधल्या व्हिडिओ मासिकांत एक पानभर जाहिरात आली. जिवाच्या आकांताने ओरडणारा माणूस, त्याच्या कपाळात घुसणारं ड्रिल आणि खाली ओघळणारं रक्त. ‘व्हिप्को’ नावाच्या छोट्या वितरकाने तेच चित्र कॅसेटच्या कव्हरवरही छापलं होतं. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रारी गेल्या आणि अमेरिकन दिग्दर्शक एबल फेराराचा ‘द ड्रिलर किलर’ हा 1979 चा चित्रपट एका रात्रीत बदनाम झाला. तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलं होतं ते कव्हर. सिनेमा पाहायच्या फंदात फार कोणी पडलं नव्हतं.

तो पाहायला बसलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते पैशाचं ओढगस्तपण. रेनो मिलर हा मॅनहॅटनमधल्या युनियन स्क्वेअरजवळ दोन मैत्रिणींसोबत राहणारा चित्रकार. भाडं थकलंय, बिलं येऊन पडलीत आणि सगळी आशा एका भल्यामोठ्या गव्याच्या चित्रावर टांगलेली. गॅलरीवाल्याकडे तो भाड्यापुरते पाचशे डॉलर उसने मागतो, तर आधीच पुष्कळ दिलेत म्हणून तो नकार देतो; चित्र आठवड्यात पुरं कर, मग विकत घेतो, म्हणतो. त्यातच त्याच इमारतीत एक पंक बँड, म्हणजे कर्कश रॉक वाजवणारं टोळकं, राहायला येतो आणि दिवसरात्र तालीम सुरू होते. रेनो घरमालकाकडे गाऱ्हाणं घेऊन जातो. मालक बँडबद्दल काही करत नाही, उलट रात्रीच्या जेवणासाठी म्हणून सोललेला ससा त्याच्या हातात ठेवतो. घरी येऊन तो ससा साफ करता करता रेनो त्याच्यावर सुरीचे वार करत सुटतो. माणसाचा खून व्हायला अजून अवकाश असतो, पण या माणसाचं काय होणार आहे ते तिथेच कळतं. माझ्या लेखी अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात भेदक प्रसंग हाच.

फेराराने हा चित्रपट 16 मिलिमीटरच्या फिल्मवर, मित्रमंडळींना घेऊन, स्वतःच्याच राहत्या जागेत केला. रेनोची भूमिकाही त्यानेच केली, फक्त श्रेयनामावलीत नाव दिलं जिमी लेन. पटकथा त्याचा जुना मित्र निकोलस सेंट जॉनची. त्यामुळे पडद्यावरचं दारिद्र्य कुठून आणावं लागलं नाही. 1975 मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. जुलै 1977 मध्ये शहराची वीज गेली आणि अंधारात दुकानं लुटली गेली. मनोरुग्णालयं रुग्णांना बाहेर सोडत होती, स्वस्त खोल्यांची हॉटेलं बंद पडत होती, आणि त्यातले कितीतरी लोक फुटपाथवर आले होते. दुसरीकडे ओस पडलेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर चित्रकार आणि वादक संसार मांडत होते. रेनो ड्रिल घेऊन निघतो तो या बेघर माणसांच्या मागे. त्याला त्यांच्यात स्वतःचं उद्याचं रूप दिसतं. चित्रपटाची सुरुवात चर्चमध्ये होते. तिथला एक दाढीवाला म्हातारा हात धरताच रेनो पळ काढतो. ती भीती लक्षात ठेवली की पुढचं सगळं उलगडत जातं.

आता हत्याराबद्दल. ड्रिलला वीज लागते, मग रस्त्यावर ते चालणार कसं? रेनोला उत्तर टीव्हीवरच्या जाहिरातीत सापडतं: कमरेला बांधायचा बॅटरीचा पट्टा, ‘पोर्टो-पॅक’. घरोघर वस्तू विकणाऱ्या जाहिरातीतूनच खुनाची सोय व्हावी, हे मला आजही अस्वस्थ करतं.

अमेरिकेत असले चित्रपट कळकट थिएटरांत येत आणि विसरले जात. ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी झाली ती व्हिडिओमुळे. थिएटरमधल्या चित्रपटाला प्रमाणपत्र लागे, कॅसेटला मात्र तसं काहीच बंधन नव्हतं. पायरसीच्या धास्तीने मोठे स्टुडिओ सुरुवातीला बिचकत होते. त्यामुळे भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानांची फळी छोट्या वितरकांनी स्वस्त भयपटांनी भरून टाकली. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘व्हिडिओ नॅस्टी’ (ओंगळ व्हिडिओ) नाव ठेवलं, पडद्यावरच्या अनीतीविरुद्ध लढणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी मोहीम उघडली आणि 1959 च्या अश्लीलताविरोधी कायद्याखाली पोलीस छापे घालू लागले. काय जप्त करायचं हेच पक्कं माहीत नसल्याने एकदा तर गायिका डॉली पार्टनच्या संगीतपटाची कॅसेट नुसत्या चावट वाटणाऱ्या नावावरून उचलली गेली. शेवटी खटले चालवणाऱ्या सरकारी अभियोजन संचालकांच्या कार्यालयाने अशा चित्रपटांची यादीच केली. त्यातल्या 39 चित्रपटांवरचे खटले टिकले. ‘द ड्रिलर किलर’ त्यांपैकी एक. खासदार ग्रॅहम ब्राइट यांनी आणलेलं विधेयक 1984 मध्ये कायदा झालं आणि प्रत्येक कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचं झालं.

कव्हर बाजूला ठेवून पाहिलं तर या चित्रपटात रक्त अपेक्षेपेक्षा कमी आहे. बराच वेळ नुसता कर्कश बँड वाजतो, भांडणं होतात, रेनो गव्याच्या डोळ्यापाशी अडकून बसतो. हा चित्रपट मोठ्या आवाजात लावावा, अशी पाटीच सुरुवातीला येते. ती मनावर घेऊन पाहिलं तर रेनोचं डोकं कशाने फुटायला आलंय ते कानांना कळतं.

ब्रिटनमध्ये 1999 साली तो काटछाट करून आला आणि 2002 मध्ये पूर्ण स्वरूपात मंजूर झाला. पुढे 2009 मध्ये लक्षात आलं की 1984 चा कायदा करताना युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचंच राहून गेलं होतं, म्हणून त्याखाली खटले चालवणंच शक्य नव्हतं. जानेवारी 2010 मध्ये संसदेने तोच कायदा पुन्हा मंजूर केला. तोवर फेराराचा चित्रपट कात्री न लागता दुकानात येऊन सात-आठ वर्षं झाली होती.