भाकर, कडबा आणि कापूस : कर्बोदकांच्या ओळखीमागची पार्श्वभूमी

"गिळू नको, चाव. मंग गोड लागते," असं आमची आजी भाकरीचा कोरडा तुकडा हातावर ठेवून सांगायची. ज्वारीची नुसती भाकर दोनेक मिनिटं चावत राहा, जिभेवर हलका गोडवा उतरतोच. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) भाकरीतल्या स्टार्चचे, म्हणजे पिष्टाचे, तुकडे पाडतं, म्हणून.

त्याच ज्वारीचे धांडे कडबा होऊन बैलापुढे पडतात. शेजारच्या वावरात पऱ्हाटीला बोंड फुटतं. दाण्यातला स्टार्च, धांड्यातला सेल्युलोज आणि जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असलेला कापूस हे सगळं ग्लुकोज या एकाच साखरेचं आहे. मग माणसाला भाकर पचते आणि कडबा का पचत नाही? याचं उत्तर मिळायला शंभरावर वर्षं गेली.

सुरुवात १८११ ची. रसायनशास्त्रज्ञ किर्खहॉफ यांनी रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळला आणि त्याची साखर झाली. १८१९ मध्ये फ्रान्सच्या ब्राकोनो यांनी तागाच्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा गंधकाम्लात घालून साखर काढली. चिंधीतून साखर! मला हा प्रयोग या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाटतो. खायचं आणि नेसायचं एकाच मुळाचं आहे, हे त्यातून पहिल्यांदा हाताला लागलं. १८३३ मध्ये पायें आणि पर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून स्टार्च फोडणारं विकर वेगळं केलं. पुढे १८३८ मध्ये पायें यांनीच निरनिराळ्या झाडांच्या लाकडातून एकच पदार्थ काढला. त्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण स्टार्चसारखंच निघालं. त्यालाच पुढे सेल्युलोज हे नाव मिळालं.

नावाचीही गंमत आहे. १८४४ मध्ये कार्ल श्मिट यांनी या पदार्थांना 'कार्बन अधिक पाणी' अशा अर्थाचं नाव दिलं, कारण त्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्याच प्रमाणात सापडत. आपला 'कर्बोदक' शब्दही तसाच, कर्ब आणि उदक. तव्यावर भाकर करपली की वाफ निघून जाते आणि काळा कोळसा उरतो, त्यामुळे ते नाव पटतंही. पण आत पाणी भरून ठेवलेलं नसतं. कार्बनच्या साखळीला हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडलेले असतात. त्यांतला कोणता गट कोणत्या बाजूला आहे, हे ग्लुकोजपुरतं एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये उलगडलं.

नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. म्हणजे वऱ्हाडच्या कापसाचं सूत तिथे निघू लागलं, तेव्हा त्या धाग्यात ग्लुकोज कसा गुंफलेला आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. हे रेणू म्हणजे खरोखरच लांबच लांब साखळ्या आहेत, असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगर यांनी १९२० पासून ठामपणे मांडलं. इंग्लंडच्या हॉवर्थ यांनी साखरेचं वर्तुळ आणि कड्यांची जोडणी दाखवली. त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं.

फरक सापडला तो एका सांध्यात. ग्लुकोजच्या वर्तुळातल्या पहिल्या कार्बनवरचा ऑक्सिजन स्टार्चमध्ये खालच्या बाजूला असतो, त्याला अल्फा जोड म्हणतात. सेल्युलोजमध्ये तो वरच्या बाजूला असतो, ती बीटा जोड. अल्फा जोडीने साखळी जिन्यासारखी पिळत जाते, सैल राहते, विकराला फोडता येते. बीटा जोडीत दर एकाआड एक ग्लुकोज उलटा बसतो. साखळी सरळ होते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट चिकटते आणि धागा तयार होतो.

गावच्या शाळेतही हे दाखवता येतं. ओलसर भाकरीच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, तो गर्द निळा-काळा होतो, कारण आयोडीन स्टार्चच्या पिळात जाऊन बसतं. तोच थेंब घरच्या कापसावर टाका, तिथे पिवळट तपकिरी डागच राहतो. शाळेत कर्बोदकं म्हणजे 'ऊर्जा देणारे पदार्थ' एवढंच शिकवून पुढे जातात, याचं मला वाईट वाटतं. झाडाला उभं ठेवणारी भिंतही कर्बोदकाचीच असते. बोंड पोखरणाऱ्या गुलाबी अळीची कात ज्या कायटिनमुळे टिकते, तेही याच कुळातलं.

आणि हुरडा! दाणा दुधात असताना गोड लागतो, कारण त्यातली सारी साखर अजून स्टार्चमध्ये गुंफली गेलेली नसते. दाणा निबर झाला की ती गोडी जाते. अशी गुंफण करताना साखर आधी एका वाहक रेणूवर चढते, हे अर्जेंटिनाच्या लेलुआर यांनी शोधलं. त्यांना १९७० चं नोबेल मिळालं.

सेल्युलोजची बीटा जोड फोडणारं विकर आपल्या पोटात नाही, आणि बैलाचं शरीरही ते बनवत नाही. ते असतं त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या जिवाणूंकडे. रात्री गोठ्यात बैल रवंथ करत असतो, तेव्हा कडब्याच्या आणि कुटाराच्या साखळ्या आत तुटत असतात. जिवाणू त्या साखरेची आम्लं करतात, मुख्यतः ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. सकाळी बैल वखराला जुंपला जातो, तो बहुतांशी याच आम्लांच्या बळावर.