तळपायाच्या चामखिळीला मूळबिळ काही नसतं
आमच्याकडं सांगलीत तळपायाला काहीपण टणक आलं की त्याला कुरूप म्हणायचं आणि ब्लेड काढायचं, का तर आत काळं मूळ दिसतंय, ते उपटलं की गेलं. आमच्या चुलत्यांनी हेच केलं, वर बिब्ब्याचा चटका, आठ दिवस चप्पल घालता येईना आणि नंतर एकाच्या जागी तीन.

ते मूळ नसतंच ओ. चामखीळ एचपीव्ही व्हायरसमुळं येते, कातडीच्या वरच्या थरातच असते, आणि ते काळे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त. खरवडलं की व्हायरस शेजारी पसरतो. बाजूनं चिमटीत दाबून जास्त दुखलं तर बहुतेक चामखीळ, सरळ वरनं दाबल्यावर दुखलं तर कुरूप.

घरी करायचंच तर मेडिकलमधनं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध आणा, पाय कोमट पाण्यात ५-१० मिनिटं भिजवून, मऊ झालेली कातडी हलकं घासून फक्त चामखिळीवर रोज लावायचं, कधीकधी १२ आठवडे लागतात आणि इथंच सगळे कंटाळतात. घासणी वेगळी ठेवा. शुगरवाल्यांनी मात्र घरी हात लावायचाच नाही, सरळ डॉक्टर. लहान पोरांची तर बऱ्याचदा आपोआप जाते, आणि नाव होतं नवसाचं.