‘डाइन आउट’ म्हणजे फक्त हॉटेलात जेवणं नव्हे

इंग्रजीच्या वह्यांत वर्षानुवर्षं एकच अर्थ उतरवला जातो: ‘डाइन आउट’ म्हणजे हॉटेलात जेवणं. हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे. यातला ‘आउट’ म्हणजे स्वतःच्या घराबाहेर. रात्री मावशीकडे जेवायला गेलात, तरी तेही डाइन आउटच. ‘आज मी बाहेर जेवणार आहे, माझा भात लावू नका’ असं आपण म्हणतो ना, अगदी तसंच. गच्चीवर किंवा बागेत उघड्यावर जेवण्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी ‘अल फ्रेस्को’ हा वेगळा शब्द आहे.

खरा घोळ होतो तो पुढे ‘ऑन’ लागल्यावर. ‘ही डाइन्ड आउट ऑन दॅट स्टोरी फॉर इयर्स’ या वाक्यात ताट-वाटी शोधू नका. तो एक किस्सा सांगून त्यानं वर्षानुवर्षं लोकांना रंगवलं, असा त्याचा अर्थ. हा प्रयोग प्रामुख्यानं ब्रिटिश आहे, आणि मला फार आवडतो: झकास किस्सा गाठीशी असला की जेवणाची आमंत्रणं येत राहतात!

रोजच्या बोलण्यात मात्र ‘ईट आउट’ म्हणा. ‘डाइन’ला जरा औपचारिक वास आहे, कोपऱ्यावरच्या मिसळीला तो शोभत नाही.